पंपाजवळचा नट

ठमे,

जीप कायमची न्यायला गॅरेजवाला सकाळी येईल. मी बाहेर पडतोय, माझ्याच्याने ते बघवणार नाही. चहा थर्मासमध्ये आहे.

नव्या टाकीचं काम काल संपवलं. उरलेलं पेट्रोल परत आणणारा पाइप जोडला, हवेच्या नळीला व्हॉल्व्ह बसवला. तुझ्या दादाने भिंतीवर खडूने काढून ठेवलंय, अगदी तसंच. ते चित्र पुसू नकोस.

फक्त पंपातून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपचा नट राहिलाय. तो त्याने नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता. जाताना म्हणाला, "बाबा, याला हात लावायचा नाही. तुम्ही आवळलंत की आटेच जातात. मी आल्यावर बघतो."

आला तो हॉस्पिटलचा फोन.

जीप फ्युएल इंजेक्शनची आहे, इंजिनात पेट्रोल दाबाने येतं. नट सैल राहिला तर गरम इंजिनावर फवारा उडेल आणि गाडी पेटेल. तो आवळल्याशिवाय गॅरेजवाल्याला चावी देऊ नकोस. त्याच्याकडूनही आवळून घेऊ नकोस. मी पाना लावून पाहिला, खोटं कशाला सांगू, पण हात पुढे गेलाच नाही.

तू आवळ. तुझ्या हाताला दादा कधी नावं ठेवायचा नाही.

बाबा

फाटकापर्यंत जाऊन परत आलो, एक सांगायचं राहिलं. पाना लावायच्या आधी बोटांनी चाचपून बघ, त्याने कुठवर आणून ठेवलाय ते.