मान उचललेली गिटार

प्रिय कितिओने,

तुझी गिटार विकली गेलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

आत्याच्या फोनवर तू निरोप दिलास, ती गिटार विकून टाक, येतील ते पैसे तूच ठेव. तुझी आई फोन स्पीकरवर टाकून मासे साफ करत होती, त्यामुळे माझ्याबरोबर साऱ्या शेजाराला तो कळला. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सिडनीला जाताना तूच म्हणाला होतास, गिटार न्यायला येईन, तोवर सांभाळ. आतेभाऊ आणि मामेबहीण म्हटल्यावर आपल्या गावाला चिडवायला आणखी काय लागतं? तेव्हापासून तुझं नाव घेऊन चिडवतायत. आत्याला भेटायचं झालं की तू तिलाच तिकडे बोलावून घेतोस. इथे यायला तुला या गिटारीशिवाय कारण नव्हतं, आणि आता तीही विकायची. याचा अर्थ तू सांगितला नाहीस आणि मी विचारला नाही. पण राग असा आला की त्याच दुपारी ती खोळीतून बाहेर काढली.

काढली आणि कपाळावर हात मारला. मान वर उचललेली, आणि ती पेटीला जिथे जोडलेली असते तिथे नख सहज आत जाईल एवढी फट. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीमागची फळी फुगलेली. वाजवली की आत काहीतरी खुळखुळतं, आणि तारा इतक्या वर गेल्यात की दाबताना बोटं कापतील. तू जाताना तारा ताणलेल्याच ठेवून गेलास. महिन्याभरात येतोच आहे, सूर उतरवू नकोस, हातही लावू नकोस, असं बजावून गेलास. मी नाही लावला. वर तापणारा पत्रा, वादळात गळलेलं छप्पर, आणि तारा मानेला एकसारख्या ओढतायत. कुठलं लाकूड टिकेल? तुझ्यावर चिडावं की स्वतःच्या शहाणपणावर, तेच कळेना.

लौटोका शहरात मुनसामीच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात ती घेऊन गेले. त्याने मला न विचारता आधी सगळ्या तारा सैल केल्या. मी जवळजवळ ओरडलेच त्याच्यावर. मग बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन पेटीच्या आत बघितलं आणि म्हणाला, आतली आधाराची पट्टी सुटली आहे, मान पूर्ण काढून पुन्हा बसवावी लागेल, तेवढ्या खर्चात नवी येईल. खुंट्या तेवढ्या चांगल्या आहेत, त्या काढून घेतो म्हणाला. जणू मेलेल्या माणसाचे बूट मागत होता. बसमध्ये ती मांडीवर घेऊन परत आले.

मग गावात सांगितलं, गिटार विकायची आहे. दुखणं एकही लपवलं नाही. पण आपल्या लोकांना काही विकणं म्हणजे डोक्याला ताप, तू विसरला असशील. नातेवाइकाने काही मागितलं की नाही म्हणता येत नाही, फुकट द्यावंच लागतं, आणि नातेवाईक नसलेला माणूस या किनाऱ्यावर शोधून दाखव. नुसतं छान आहे म्हटलं तरी मागितल्यासारखंच. म्हणून ज्यांना खरोखर पैसे देऊन घ्यायची होती ते बिचारे चुकूनही चांगला शब्द काढेनात. सेमेसाकाकांनी गुंगी आणणाऱ्या यंगोनाचं अख्खं भांडं पिऊन रिकामं केलं आणि तेवढ्या वेळात हिला इतकी नावं ठेवली की शेवटी मीच भांडायला उठले. म्हटलं, मान गेली असेल, आवाज नाही गेला. काका गुपचूप आपली वाटी घेऊन निघून गेले. माझंच गिऱ्हाईक मीच पळवलं.

परवा पेनीदाजी आले. चटईवर बसून त्यांनी मुनसामीने सैल केलेल्या तारा जेमतेम लावल्या, त्या न दाबता नुसत्या छेडल्या, आणि मान डोलवत म्हणाले, "अगं, हिचा आवाज काय..." पुढचा शब्द बाहेर पडायच्या आत मी ताटातला उकडलेल्या कसावा कंदाचा तुकडा उचलून त्यांच्या तोंडात कोंबला. घरात सगळे लोळून लोळून हसले. दाजींनी सावकाश चावून गिळला, वर पाणी प्यायले.

"घाबरू नकोस, मी नाही मागत," ते म्हणाले. "तुला ती विकायचीच नाहीये, वासिती. लोकांना कशाला हेलपाटे घालायला लावतेस? त्याच्याकडे माग की सरळ. तूही त्याची नातेवाईकच ना?"

दाजींशी मी दोन दिवस बोलले नाही. खरं बोलल्याचा राग जास्त येतो.

नांदीच्या विमानतळावर तुझ्या गळ्यात माळ घालताना मला तुझ्याकडे एकच गोष्ट मागायची होती, राहा. मी मागितलं असतं तर तुला नाही म्हणता आलं नसतं. म्हणूनच मागितलं नाही. नाही म्हणता येत नाही म्हणून राहिलेला माणूस मला नको होता. आज मात्र मागते. राहायला नाही, यायलाही नाही. ती गिटार मला दे. सांभाळायला नको, विकायला नको, माझी म्हणून दे. मोडकी आहे हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती माझी झाली की न्यायला यायचं काम तुझ्यावर उरणार नाही, आणि वाट बघायचं माझ्यावर. तेवढ्यासाठीच हे पत्र. नाही म्हणायची सोय तुला नाहीच.

इथे 'तुझीच' लिहायची सवय लागली होती. आज नुसतं नाव लिहिते.

वासिती