माहेरचं हिरवं पातळ

चैत्र शुद्ध तीज, गुरवार
पहिल्यांदा इहीणबाई आल्या, मंगलची सासू, चुडाव्याच्या. मागून जावई, हातात बिस्किटाचा पुडा, जसं काही बारसं हाय. आजाऱ्याला भेटायला आलेल्याला चहा पाजल्याबिगर धाडू नये, ही रीतच हाय. पण आजाऱ्यानंच उठून चहा ठेवावा असं कुठं हाय? मंगल उठायली तर मी हाताला धरून बसवली. बी. ए. च्या शेवटच्या सालाची परीक्षा तोंडावर, पुस्तक मांडीवर उघडं. तिची आई लहानपणीच गेली, नात असली तरी लेकच माझी. संक्रातीच्या आधी उजवी छाती काढली. त्यावर सासरच्यांनी इथं पेडगावला आणून सोडली, ते आज उगवले.
डॉक्टर म्हणला गाठ लहान असतानाच आलात, बरं झालं, फक्त औषधाची सलाईन चुकवू नका. मी तेच सगळ्यांना सांगत असते. इहीणबाईला पण सांगितलं. तिनं मला बाजूला घेतलं, लय मायेनं खांद्यावर हात ठेवला. "आजीबाई, माहेरचं हिरवं पातळ घेऊन ठेवलं का? ह्या बंदाच्या दिवसात ऐन वेळंला दुकान उघडं असंल नसंल."
सवाष्ण गेली की माहेरचं हिरवं पातळ नेसवून नेत्यात. ते म्हणायली ती.
मी म्हणलं, बरी आठवण केली. अजून एक कप घ्या.

चौथ, शुक्रवार
मी सांगणार न्हवते. पोरीनं आतून ऐकलंच होतं. हसली. "घ्यायचंच तर चांगलं घे आजी. धुतल्यावर रंग जाणारं नको."
परभणीला गेलो दोघी. दुकानदारानं इचारलं, लग्नाचं का? मंगल म्हणली, परीक्षेचं. मला पायरीवर बसून हसू आवरंना. किती दिवसांनी.

षष्ठी, रविवार
भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, हा तिचा रोजचा इलाज. आधी चुलीच्या वर जात न्हवता, आता दिव्याच्या दिवळीपर्यंत जातो. ती शिकवती त्या इथल्या शाळंतल्या फळ्यावर पण तसंच. आधी खालच्या बाजूला लिहायची, पोरं वाकून वाचायची. काल मी डबा घेऊन गेले तर मधोमध लिहिलेलं. आपलीच नात, आपल्याच डोळ्यानं बघितलं.
हेडमास्तर बोलाय गोड. रोज म्हणतात, बाई, आराम करा. आणि रोज आठवण पण करतात की यंदा बी. ए. न्हाई झालं तर जागेवर दुसरं माणूस घ्यावं लागंल. आराम करावा तर परीक्षा जाती, आणि परीक्षा गेली तर आरामच आराम.

अष्टमी, मंगळवार
इद्यापीठाच्या नामांतराच्या बंदामुळं पेपर पुढं गेले. सगळ्या पोरी खूश. हिचा शेवटचा पेपर नेमका सलाईनच्या दुसऱ्या दिवशी आला. डॉक्टरला इचारून बघितलं. न्हाई म्हणला, सलाईन सरकणार न्हाई.
मंगल थोडा येळ केस विंचरत बसली. फणीतच जास्त आले. मी म्हणलं, वेणी न्हाई ही, उंदराचं शेपूट. हसली, मग रडली. मी उगंच बोलले.

वद्य प्रतिपदा, बुधवार
औरंगाबाद. सलाईनमधून पिवळं औषध. येताना गाडीत उशाला पुस्तक. समोरच्या बाईनं इचारलं पोरीला काय झालं. मी म्हणलं बी. ए. व्हायलीय.

द्वितीया, गुरवार
हिरवं पातळ नेसून गेली. मी कॉलेजच्या बाहेर लिंबाखाली. दोनदा पळत आली, ओकली, तोंड धुतलं, परत आत. शिपाई म्हणला, आजी, घरी न्या हिला. म्हणलं तूच ने बाबा, माझं कुठं ऐकती.
लिहायचा हात सुजून भाकरीसारखा झालता. एक सवाल लिहायचा राहिला. पास होती का न्हाई तिलाच मालूम न्हाई. टेसनावर भजे मागितले. एकच खाल्लं, पण मागितलं.
पातळाच्या पदराला शाई लागलीय.

पंचमी, रविवार
इहीणबाई आणि जावई पुन्हा. खबर न करता. मंगल ओट्यावर पोरांच्या वह्या तपासायली, पातळ दोरीवर वाळायलेलं. इहीणबाई थबकल्या. "हे तेच का?"
"तेच. एकदा नेसून झालं."
तोंड बघण्यासारखं झालं. मला लय गार वाटलं, खोटं कशाला बोलू.
पण बाई पक्की. चहा पिऊन मंगलला वरून खालून न्याहाळलं आणि म्हणली, बरी झालीस की. माझे गुडघे गेले, घरात करायला कोणी न्हाई. आता आपल्या घरी चल. शाळा पुरे झाली. सलाईन तरी किती घ्यायच्या, आमच्याकडं एक बाबा पाला देतो, गुण येतो.
मी तोंड उघडणार तेवढ्यात जावई बोलला. दोन्ही खेपांत पहिल्यांदाच. "मंगल, तुझ्या हातचं जेवून लय दिवस झाले."
मंगल वही बघत राहिली.
ते गेल्यावर चुलीपाशी येऊन बसली. मला वाटलं आता दोघी मिळून इहीणबाईची नक्कल करू. तर म्हणती, "आजी, त्यांचा सदरा काखंत उसवलेला होता. बघितला का?"
मी बघितला न्हवता. तिनंच तेवढा बघितला. तिला औषध टोचताना पण मला एवढं भ्या वाटलं न्हवतं.
वैशाखातल्या आखितीला, शनवारी, न्यायला येतो म्हणून सांगून गेलेत.