रॅम्प बघायला

अहो,

आल्यावर मला घरभर हुडकू नका. शेजारच्या मोनालीला घेऊन मी जालना रोडवरच्या नव्या थिएटरात गेलेय. व्हीलचेअर दुमडली की फकिराभाऊंच्या रिक्षात मागं बसते. शेंद्र्याला कंपनीत फोन केला असता तर तुम्ही शिफ्ट टाकून पळत आला असता, म्हणून केला नाय.

फोनवर समदेच थिएटरवाले 'व्हय ताई, रॅम्प हाय' म्हणतेत. मागच्या खेपेला गेलो त्या थिएटरातला रॅम्प मोटारसायकली चढवायचा निघाला, अन् तुम्ही मला उचलून जिन्यानं वर नेलं. लोक वळून वळून बघत होते. पिक्चर कोणता होता तेबी ध्यानात नाय. तेव्हापासून कुठलाबी पिक्चर लागला की तुम्ही म्हणता, 'लई फालतू हाय म्हणं.' कंबरेला लावायची बामची डबी कपाटावर लपवून ठेवता. तिथं माझा हात पोचत नाय, पण वास माझ्यापर्यंत पोचतो.

म्हणून आज सगळं माझ्या डोळ्यांनी बघणार. रॅम्प बघीन, लिफ्ट बघीन, बाथरूमच्या दारातून खुर्ची जाते का तेबी बघीन. पडद्याच्या पायाशी मान वर करून मी नाय बसायची. तसलंच काही निघालं तर चार शब्द सुनावून परत येते.

भाकरी फडक्यात आहेत, वरण तेवढं गरम करून घ्या.

जागा नीट असली तर दोन तिकिटं काढून फोन करते. मोनाली घरी येईल, तुम्ही तिकडं या. उचलायला नको. शेजारी बसायला या.

सत्यभामा