तीनदा हलवलेलं दार

तीर्थरूप आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. सुट्टीपुरती भाड्याने देतात त्या घरांची सफाई माझ्याकडे आहे. या घरांना किल्लीच नसते गं! आकडे दाबले की दार उघडतं, पाहुणे गेले की आकडे बदलतात.

परवा निघताना सवयीने दार तुझ्यासारखं तीनदा गदागदा हलवून बघितलं. कुलपाने मालकिणीच्या फोनवर लगेच चहाडी केली, कुणीतरी दार फोडतंय! धावत आली बिचारी. म्हटलं, "आईने शिकवलंय." आधी रागावली, मग हसली. नोकरी शाबूत आहे.

दादा म्हणाला, हल्ली तू कुलूप न लावताच बाहेर पडतेस. खरं का गं? मला शिकवलंस ते तूच कशी विसरशील?

तुझीच,
धाकटी