कापलेला कोपरा

प्रिय दोधू,

उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख लिहिलेली नाही, म्हणून गुरुजींसारखा माझा कान पिळू नकोस. कारण शेवटी सांगते. आधी मोठी बातमी ऐक. शिमगा झाला आणि लोणखेड्यात तू मेलास, पण तासाभरात जिवंतही झालास. अजून लिहिताना मला हसू आवरत नाही.

त्या दिवशी मी मामीबरोबर मळ्यातून मिरच्या खुडून परत येत होते. मामाच्या ओट्यापर्यंत आले तर शेजारी तुमच्या दारात रडारड. नथ्थू टपालवाल्याने तुझं कार्ड आणलं होतं, पण त्याचा एक कोपराच नव्हता. कोपरा फाडलेला कागद आला म्हणजे माणूस गेला, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. असा कागद कुणी घरात नेत नाही. नथ्थूला पत्त्यापुरतंच वाचता येतं. त्याने कार्ड निंबाखाली दगडाने दाबलं आणि डोक्याची टोपी काढून उभा राहिला. तुझी आई उंबऱ्यात बसून "मन्हा दोधू गया वं माय" म्हणत कपाळ बडवत होती. मामा तर तुझ्या बहिणीला कळवायला गाडी जुंपायला लागला होता.

मी दगड उचलला. शेजारची कौसाबाई धावत आली, "हात नको लावू वं, लगीननी पोर शेस तू." मी लावला. कोपरा फाटलेला नव्हता, कात्रीने सरळ कापलेला होता. आणि खाली अक्षर तुझं, 'धू'ची शेपटी मारुतीच्या शेपटीसारखी लांब. मी ओरडले, "मरेल मानूस कागद कसा लिखी?" मेलेल्याच्या हातचं अक्षर कुठून येणार? गुरुजींनी शिकवलं तसं तू इमानाने कोपऱ्यात ठिकाण लिहिलंस, आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचं ठिकाण कुणाला कळू नये म्हणून तुमच्या साहेबाने तो कापून काढला. एवढीच गोष्ट, पण गावाने तुझं सुतक धरलं होतं.

मग मी उभी राहून सगळं कार्ड मोठ्याने वाचलं. तुला दोन वेळा डाळ-भात मिळतो, ट्रक चालवायला शिकलास, जळवांचा त्रास आहे. तुझी आई रडता रडता हसायला लागली आणि नथ्थूला गूळ दिला.

आता इथली गंमत. गावची अकरा पोरं लढाईवर, आणि त्यांच्या घरी अक्षर ओळखणारं कुणी नाही. म्हणून मी चार मुलींना हाताशी धरलं. दर रविवारी शाळेच्या ओट्यावर आम्ही आलेली पत्रं वाचतो, उत्तरं लिहितो. लोक आम्हाला कागदवाल्या पोरी म्हणतात. कौसाबाई तर तिच्या लेकाचं, भिलाचं पत्र घेऊन सगळ्यात आधी येऊन बसते, तीच कौसाबाई. पूर्वी मामा म्हणायचा, पोरीला शिकवून काय दिवे लावणार. परवा त्यानेच मला शाईची दौत आणून दिली. मला फार, फार आनंद झाला.

आता खरं सांगते. त्या दिवशी मी एक ओळ वाचली नव्हती. तळोद्याचं स्थळ आलंय, आखाजीच्या सणाला बाबा मला न्यायला येणार, हे तुझ्या आईच्या पत्रात मीच तुला लिहिलं होतं, आणि तू शेवटी लिहिलंस, 'गजराला म्हणावं, होकार देऊ नको, मी येईतो थांब.' तीन आठवडे ती ओळ मी पोलक्यात घेऊन फिरले. काल तुझ्या आईला वाचून दाखवली. तिने माझी हनुवटी धरून विचारलं, "इतला दिन काबर नही सांगं वं पोरी?" आज सकाळी ती नारळ घेऊन मामासोबत बाबांकडे मागणी घालायला गेली आहे. बाबा काय म्हणतील ते म्हणोत, माझं उत्तर मी देते आहे. थांबते. उजव्या कोपऱ्याला हळद लावली आहे. तो कुणी कापू नये, म्हणून तिथे काहीच लिहिलं नाही.

तुझीच,
गजरा