छोटे नाना, मोठे नाना आणि पंधरा प्रश्न

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
बायकोला, एकुआला, टामालेच्या बसमध्ये बसवून आलो. नर्स लोकांचं ट्रेनिंग, चार आठवडे. बस सुटेपर्यंत खिडकीतून सूचना चालूच होत्या. मी म्हटलं, बाई, निर्धास्त जा. ताकोराडी बंदराच्या गोदामात रोज घानाच्या कोकोचे दाणे कापून पोत्यांच्या अख्ख्या थप्पीची लायकी सांगणारा माणूस मी. साडेतीन वर्षांचं एक पोर म्हणजे काय मोठंसं!
तिने दवाखान्यातली पुस्तिका हातात दिली. 'पालकांचे नेहमीचे पंधरा प्रश्न'. उत्तरांसकट. उत्तरं छापलेली असताना लोक रडतात कशाला, कळत नाही.

त्याच दिवशी, ७.३०
अट लिहून ठेवतो. सासूबाई एल्मिनाहून ३० तारखेला, रविवारी, येणार. तपासणीला. पोरगं धड जेवत नसेल, दुधाची बाटली सुटली नसेल, चड्डी ओली होत असेल आणि एकटं झोपत नसेल, तर त्या त्याला घेऊन जाणार. शाळेचं वय होईपर्यंत. आमच्यात मूल आईच्या कुळाचं, त्यामुळे मला तोंड उघडायला जागा नाही.
चार गोष्टी, चार आठवडे. आठवड्याला एक. एप्रिलमध्ये मी स्वतःच पुस्तिका लिहीन म्हणतो.

४ मार्च, मंगळवार
प्रश्न १: मूल भाजी खात नाही. उत्तर: ताट समोर ठेवा, वीस मिनिटांनी काही न बोलता उचला.
कोंतोमिरेची पालेभाजी समोर ठेवली. वीस मिनिटं झाली. काही न बोलता उचलली.
बाजूच्या खोलीतून आवाज आला, माझ्या समोरचं ताट कोण उचलतंय?
हे वडील. इथे खुलासा हवा. (कुणासाठी? असो.) मुलाचं नाव मी माझ्या वडिलांवरून ठेवलं. आठव्या दिवशी, चारचौघांत, छाती फुगवून. एकदा ते नाव ठेवलं की मूल म्हणजे तेच. त्याला अरे-तुरे नाही. रागावायचं नाही. त्याला बोललेलं थेट म्हाताऱ्याला लागतं, आणि म्हातारा बाजूच्याच खोलीत राहतो. एरवी ऐकू कमी येतं. या बाबतीत नाही.
म्हणून घरात दोन नाना. मोठे नाना, वय अठ्ठ्याहत्तर, सेकोंडीचे रिटायर्ड स्टेशनमास्तर. छोटे नाना, वय साडेतीन.
ताट परत ठेवलं. छोटे नाना गोड पाव खाऊन झोपले. माझ्या पलंगावर, माझा कान धरून.

६ मार्च, गुरुवार. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी
सुट्टीचा सदुपयोग. प्रश्न ११: चांगल्या सवयींसाठी ताऱ्यांचा तक्ता करा. केला. वर मोठ्या अक्षरांत 'नाना'. भाजी खाल्ली, एक तारा. वेळेवर झोपलं, एक तारा.
दुपारी मोठे नाना कोंतोमिरेची दोन वाट्या भाजी संपवून तक्त्यापाशी उभे राहिले. माझा तारा, म्हणाले. मी म्हटलं, हे पोरासाठी आहे. ते म्हणाले, नाव कुणाचं लिहिलंयस?
संध्याकाळपर्यंत चार तारे. चारही त्यांचे. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते पालेभाजी खा, तेव्हा हाक ना बोंब. सिस्टीम काम करते हे सिद्ध झालं. ग्राहक बदलला, एवढंच.

९ मार्च, रविवार
चर्चच्या दारात छोटे नाना जमिनीवर आडवे झाले. कारण: डाव्या बुटात उजवा पाय जात नव्हता.
प्रश्न ६: मूल लोळण घेत असेल तर दुर्लक्ष करा. मी छताकडे पाहत दुर्लक्ष केलं. अगदी शास्त्रशुद्ध.
पण बायका जमल्या. एक म्हणाली, एबो, बापाला धुळीत लोळवतोस, लाज नाही वाटत? दुसरी म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाला असं आडवं पाहवत नाही गं. तिसरीने छोट्या नानांना पाठीवर बांधलं आणि जाता जाता मला म्हणाली, तू लहानपणापासूनच असा.
बूट हातात घेऊन त्यांच्या मागून चालत घरी आलो.

१२ मार्च, बुधवार
नवीन प्रकार. छोटे नाना मला नावाने हाक मारू लागलेत. एबो, पाणी. एबो, खुर्ची. एबो, पंखा. वर मोठ्या नानांसारखं घसा खाकरणं.
मी समजावलं की मी पप्पा आहे. ते म्हणाले, नाही, तू एबो, तू माझा मुलगा. मोठ्या नानांकडे दाद मागितली. ते म्हणाले, बरोबर बोलतोय तो.
एक्केचाळीस वर्षांचा झालो आणि या घरात माझ्यापेक्षा लहान कुणी उरलं नाही. वरून एक नाना, खालून एक नाना, मधल्या मधे मी. ऑफिसला लवकर गेलो. दाणे कापले. दाण्याला नाव नसतं, किती बरं असतं.

१५ मार्च, शनिवार. सकाळी
आज बाटली बंद. प्रश्न ४: एकदा ठरवलं की डगमगू नका. बाटली कचऱ्याच्या गाडीत टाकली. गाडी वळेपर्यंत उभा राहिलो.

दुपारी १
छोटे नाना दारात बसलेत. रडत नाहीत. नुसते माझ्याकडे बघताहेत. लहानपणी प्रगतिपुस्तक आणलं की मोठे नाना बघायचे तसे. डगमगलो नाही.

दुपारी १.२०
नवी बाटली आणली. माघार नव्हे. जुनीला तडा गेला होता, कधीतरी टाकायचीच होती.

१८ मार्च, मंगळवार
मोठं यश! चार दिवस चड्डी कोरडी. प्रश्न ७ निकालात.
पद्धत माझी नाही असं कुणी म्हणू शकेल. मोठ्या नानांनी वेळापत्रक केलंय: ६.१०, ९.४०, १२.१५, आणि पुढच्या. वेळ झाली की शिट्टी. शिट्टी झाली की छोटे नाना 'गाडी आली' म्हणत धावत सुटतात. काम झाल्यावर हिरवा रुमाल. पण शिट्टी ठेवलेला ड्रॉवर मीच उघडून दिला होता. यशात माझा वाटा आहे.
शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, शिट्टी ऐकून आता आमचा धाकटाही पळतो.

२० मार्च, गुरुवार
सासूबाईंचा फोन. पोर काय खातं? मी म्हटलं, समतोल आहार. त्यांनी फोन पोराला द्यायला सांगितला. पोराने सांगितलं, पाव. फोन परत माझ्याकडे. म्हणाल्या, खोली झाडून ठेवलीय, छोटी खाटही केलीय.
ही खाट डोक्यातून जात नाही. इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. मला चौथ्या वर्षी आत्याकडे अक्सिमला पाठवलं होतं. आई आजारी, नानांची ड्यूटी. दोन महिने म्हणाले, पाच वर्षं लागली. नाना स्टेशनवर सोडायला आले होते. त्यांनीच हिरवा झेंडा दाखवला, ड्यूटीच होती त्यांची ती. परत आलो तेव्हा मी त्यांना 'साहेब' म्हणालो. कुणी मारझोड केली नाही, उपाशी ठेवलं नाही. तरीपण.
छोट्या नानांना पाठवायचं नाही. बस.
उद्यापासून कडक.

२१ मार्च, शुक्रवार
उद्यापासून.

२४ मार्च, सोमवार
प्रश्न ९: शांत कोपरा. मूल चुकलं की कोपऱ्यातल्या खुर्चीवर शांत बसवा. वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मिनिट. न ओरडता, न मारता. सभ्य उपाय आहे. खुर्ची मांडली.
छोट्या नानांनी कोंतोमिरे भिंतीवर मारली. मी शांतपणे म्हटलं, साडेतीन मिनिटं. ते खुर्चीवर बसले, आणि मोठे नाना येऊन शेजारी उभे राहिले. म्हणाले, मला कोपऱ्यात बसवतोस? बत्तीस वर्षं माझ्या हुकमाशिवाय गाडी हलली नाही. मी समजावलं की तुम्हाला नाही. ते म्हणाले, मग त्यांना का? आता या माणसाला काय सांगणार?
मग दोघांना शेंगदाण्याचा रस्सा वाढला. भिंत मी पुसली.

२७ मार्च, गुरुवार
आढावा. जेवण: प्रगतिपथावर (रश्श्यात बुडवलेल्या पावाला एक हिरवं पान चिकटलं होतं, ते गेलं पोटात). बाटली: नवी. चड्डी: उत्तम. झोप: अजून माझ्याच पलंगावर, पण कान आता डावा नाही, उजवा धरतात. एकूण मी खूश आहे. रविवारी बाटली कपाटावर ठेवायची आणि छोट्या नानांची गादी अंथरून ती थोडी चुरगळून ठेवायची.

२९ मार्च, शनिवार. दुपारी ४
जमेल तसं क्रमाने लिहितो.
सकाळी तपासणीची रंगीत तालीम घेत होतो. मी सासूबाई झालो, छोट्या नानांना विचारलं, तुम्ही कुठे झोपता? म्हणाले, एबोजवळ. मी म्हटलं, नाही, गादीवर म्हणायचं. परत विचारलं. एबोजवळ. सात वेळा. आठव्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, गप्प बस!
मोठे नाना काठी टेकत बाहेर आले. म्हणाले, काय म्हणालास मला?
छोट्या नानांनी कोपऱ्याकडे बोट केलं. म्हणाले, एबो, खुर्ची. पंखा किंवा पाणी मागतात त्याच आवाजात.
मी हसून बसलो, खेळ म्हणून. दोन मिनिटांनी उठायला लागलो तर मोठ्या नानांनी खिशातून रेल्वेचं घड्याळ काढलं. तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय? वर्षाला एक मिनिट. एक्केचाळीस.
खुर्ची मुलांची आहे. गुडघे हनुवटीला लागतात. समोर भिंत, भिंतीवर कोंतोमिरेचा डाग. इतका अडकलेला मी आयुष्यात कधी नव्हतो. विसाव्या मिनिटाला दार वाजलं. सासूबाई. रविवारी गाड्यांना गर्दी असते म्हणून एक दिवस आधी आल्या. डोक्यावर धुरी दिलेल्या मासळीची टोपली.
त्यांनी मला पाहिलं. टोपली उतरवली. म्हणाल्या, हा काय करतोय? छोटे नाना म्हणाले, शांत बसलाय.
मग तपासणी झाली. दहा मिनिटं लागली असतील. बाटली सापडली. पाव सापडला. तक्ता पाहून म्हणाल्या, हे बरं आहे. मोठे नाना सत्याला धरून असतात, त्यांनी सगळे तारे आपले आहेत असं सांगून टाकलं. मी भिंतीकडे तोंड करून चड्डीचा मुद्दा मांडला, पण कुणी ऐकलं नाही. सासूबाईंनी पोराचे कपडे मागितले. मी खुर्चीतून म्हटलं, आई, एक महिना अजून द्या. त्या म्हणाल्या, एबो, तू वाईट नाहीस रे. पण तुला कोण सांभाळणार आणि पोराला कोण?
सदरे पिशवीत जाताना मला मागून ऐकू येत होते. सासूबाईंनी विचारलं, नाना, येणार ना माझ्याबरोबर? समुद्र आहे, होड्या आहेत.
छोट्या नानांनी घसा खाकरला. म्हणाले, नाही. मी गेलो तर एबो रडेल.
त्या म्हणाल्या, मोठा आहे तो, नाही रडत.
ते म्हणाले, रडतो. मी त्याला एकदा गाडीत बसवून पाठवलं होतं. लांब. तो खिडकीत रडत होता आणि मी झेंडा दाखवला. आता नाही पाठवणार.
ही गोष्ट मी छोट्या नानांना कधी सांगितलेली नाही. मी कुणालाच सांगितलेली नाही. खिडकीत मी रडत होतो हे फलाटावरच्या एकाच माणसाला माहीत होतं. मी गोदामात असताना रोज शिट्टी आणि वेळापत्रक चालायचं, तेव्हा दोघांत अजून काय काय बोलणं चालायचं कोण जाणे.
मोठे नाना घड्याळ बघत राहिले. मग म्हणाले, उरलेली माफ. ऊठ एबो. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.
छोटे नाना म्हणाले, माफ नाही.
बसलो. खरं तर भिंतीकडे तोंड होतं तेच बरं होतं. सासूबाईंनी स्टूल ओढून माझ्याशेजारी मासळी निवडायला घेतली. एक्केचाळीस पुरी झाली तेव्हा मोठ्या नानांनी हिरवा रुमाल हलवला. पिशवी रिकामी करून सदरे परत कपाटात गेले होते.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी ७.१५
सासूबाई सकाळी परत गेल्या. जाताना सूचना दिल्या, छोट्या नानांना. एबोला वेळेवर जेवायला घाला, उन्हात जाऊ देऊ नका, चिडला तर लक्ष देऊ नका. छोट्या नानांनी सगळ्याला मान डोलावली.
एकुआ उद्या येते. फोनवर विचारत होती, कसं गेलं? सांगितलं, ठरल्याप्रमाणे. चारही उद्दिष्टांच्या वर एक उद्दिष्ट होतं, ते शंभर टक्के साध्य.
फक्त प्रश्न ३ राहिला, झोपेचा. १ एप्रिलपासून तो घेणार. आज छोट्या नानांना स्पष्ट सांगितलं, आता आपापल्या पलंगावर झोपायचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, मला जमेल, तुला अजून जमत नाही. तुला सवय होईपर्यंत येतो तुझ्याजवळ.
पुस्तिकेत पाहिलं. उत्तर तेच आहे. सवय हळूहळू लावा, घाई नको.
शिट्टी झाली. दिवा घालवायला सांगताहेत.