गोलवाल्यांचीच नावं

सातपूर, नाशिक
२० नोव्हेंबर १९९८

चि. बुद्धभूषण यास,
सप्रेम जय भीम. आम्ही खुशाल, तुझी खुशाली कळव.

पोरा, तू कलकत्त्याला फुटबॉल खेळतोस की नुसता माशाचा रस्सा ओरपतोस? पुंजाच्या सलूनमध्ये रोज पेपर येतो. कोपऱ्यात तुमच्या क्लबच्या दोन ओळी, खाली गोल करणाऱ्यांची नावं. एकदा तरी तुझं असेल तर शपथ! काल पुंजा साबण लावता लावता सगळ्यांदेखत म्हणाला, तुमचा भूषण तिथे खेळाडूंना पाणी देत असेल. तोंडाला फेस होता म्हणून गप्प बसलो, पण लय लागलं मला.

तुझ्या आईला वाचता येत नाही. तरी तुझं नाव कसं दिसतं ते तिने तुझ्या राखीताईकडून शिकून घेतलंय, आणि पेपर घेऊन शोधत बसते. टीममध्ये घेतात ना तुला? खरं काय ते लिही.

माया आहेच, रागावलो तरी.
तुझा दादा

कलकत्ता
२ डिसेंबर १९९८

ती. दादांना व आईला सविनय जय भीम.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. दादा, मी प्रत्येक मॅचला असतो, पहिल्या शिट्टीपासून शेवटपर्यंत. माझी जागा मैदानाच्या मध्यात. समोरच्यांकडून बॉल काढायचा आणि आपल्या पुढच्या माणसाला द्यायचा. गोल तो मारतो, पेपरात तो जातो. तुम्ही कंपनीत लोखंडाचा जॉब घासून पुढच्या मशीनला देता, त्यावर तुमचं नाव छापतात का? कोच म्हणतात, तू जागा सोडलीस की आपलं घर उघडं पडतं. मार्चमध्ये माझा करार संपतो. असाच खेळलो तर पुढेही ठेवतील.

बाकी इथे करमत नाही. खोलीतला गोव्याचा जोडीदार दुसऱ्या क्लबात गेला. मराठी बोलायला कोणी नाही, म्हणून दाढी करताना आरशाशी बोलतो. मोठी पत्रं लिहा, शिव्या असल्या तरी चालतील.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारा,
भूषण

सातपूर
२० डिसेंबर १९९८

चि. भूषण यास जय भीम.

तुझं म्हणणं मला पटलं. सलूनला काही पटेना. पुंजा म्हणतो, मधे तर रेफ्रीपण असतो! आणि आईची समजूत मी कशी घालू? मार की रे एकदाच एक गोल. एकदा नाव आलं की मग बस खुशाल तुझ्या मध्यात जन्मभर.

थंडी वाढलीय, कानाला मफलर बांध. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.
दादा

कलकत्ता
१४ जानेवारी १९९९

प्रिय राखीताईस,
जय भीम. सिन्नरला तुझ्या सासरी सगळे ठीक असतील.

ताई, रविवारी मी गोल मारला. खूश होऊ नकोस. तेवढ्यावर मागे यायचं होतं, पण डोक्यात दादांचं पत्र. वाटलं, आणखी एक मारला तर मथळ्यातच नाव येईल. जागा सोडून पुढेच राहिलो. मधलं रान मोकळं मिळालं, आणि समोरच्यांनी तिथूनच घुसून दोन गोल केले. हरलो आम्ही. कोच ओरडलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा उभा केला आणि शांतपणे सांगितलं की आता तुला उतरवणार नाही, मार्चनंतर करारही नाही. जेवताना माझ्या शेजारी कोणी बसत नाही. फार एकटा पडलोय गं.

दादांना कळू देऊ नकोस. आपण सांगितलं म्हणून पोराचं वाटोळं झालं, असं त्यांना वाटायला नको. मीच सांगेन. कसं ते सुचत नाही.

पाठीवर तुझा हात असू दे.
भूषण

सातपूर
१६ जानेवारी १९९९

माझ्या वाघा, जय भीम!

आलं रे नाव! पुंजाने सगळ्या सलूनला मोठ्यांदा वाचून दाखवलं. तुझ्या आईने कोणाला न विचारता बरोबर तुझ्या नावावर बोट ठेवलं आणि घळाघळा रडली. तुम्ही हरलात म्हणे. चालायचंच.

आता ऐक. माझी रजा मंजूर झालीय. महिनाअखेरच्या रविवारी तुमची मॅच तिथेच आहे, असं पेपरात आलंय. हावडा मेलचं रिझर्वेशन काढलं. आई तुझ्यासाठी घोटीचा तांदूळ बांधून घेतेय. तिने जन्मात मैदान पाहिलेलं नाही. पुढे कोण पळतं ते बघायचं नाही, फक्त मध्यात बघायचं, एवढं तिला शिकवून ठेवलंय.

कोणत्या बाजूला बसलो म्हणजे तू जवळून दिसशील, ते उलट टपाली कळव.

तुझ्या भेटीला आतुर,
दादा